सॅलिफर्ट फ्लॅटवर्म एक्झिट: औषध चोख, तयारी त्याहून महत्त्वाची

सांगलीत, विश्रामबागेत राहून घरात समुद्र (खाऱ्या पाण्याची मासे-प्रवाळांची टाकी) सांभाळायचा म्हणजे आरओचं पाणी आणि पाकिटातलं मीठ. त्यात एका दुकानातून आणलेल्या झोअँथिड या प्रवाळासारख्या जीवाच्या तुकड्यासोबत लाल प्लॅनेरिया हे चपटे किडे फुकट आले. तिळाएवढे, तांबूस, शेपटीला टोकं फुटलेले. भर उजेडात वाळू नि काच गंजल्यासारखी दिसायची.

त्यांच्यावरचं हे सॅलिफर्टचं औषध पैसा वसूल. थेंब टाकले आणि थोड्याच वेळात किडे काचेवरून सुटून पाण्यात गरगरायला लागले. पण खरं काम त्याआधीचं. बारीक नळीने ओढून निघतील तितके आधीच काढा, कारण मरताना हे विष सोडतात आणि माशांना औषधापेक्षा त्याचाच धोका जास्त. ते विष शोषायला ॲक्टिव्हेटेड कार्बन ताजा हवा, बदलायला मिठाचं पाणी आदल्या रात्रीच ढवळून ठेवलेलं हवं. भरलेल्या बादल्यांची रांग बघून आमच्या हिनं विचारलं, "उद्या नळाला पाणी नाही काय?"

वाचलेल्या किड्यांसाठी काही दिवसांनी पुन्हा डोस लागतो. ॲक्रोपोरा हे प्रवाळ खाणारे चपटे किडे मात्र वेगळे. तिथे प्रवाळ बाहेर काढून डिप करायचं, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवायचं, आणि अंडी खरवडायची. किडे खायला सिक्सलाइन रास हा मासा पाळा, असंही सांगतात. खाल्ले तर खाल्ले, नाहीतर ढुंकूनही बघत नाही.