वायरलेस स्पीकर, सात महिने: ओठ आधी, शब्द मागून

आईला कमी ऐकू येतं म्हणून हा स्पीकर घेतला. टीव्हीचा आवाज वाढवून सगळं घर दणाणून सोडण्यापेक्षा तिच्या खुर्चीशेजारी स्पीकर ठेवावा, एवढाच हिशोब. आवाजाबद्दल तक्रार नाही. बोलणं स्वच्छ येतं आणि बॅटरी सात महिन्यांनंतरही तशीच टिकते. पण तिसऱ्याच दिवशी आई म्हणाली, "हे काढ बाबा. आधी निदान निम्मं तरी कळत होतं."

मला ते उमगायला आठवडा गेला. आई निम्मं कानांनी ऐकते, निम्मं ओठांवरून वाचते. ब्लूटूथवर ओठ मिटल्यानंतर शब्द येत होता. आम्हाला ते नुसतं खटकायचं, तिचं वाक्यच हातचं जायचं.

म्हणून मोजायला बसलो. टाळीचा व्हिडिओ लॅपटॉपवरून एचडीएमआयने टीव्हीवर लावला आणि मोबाइलच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये पडदा टिपला. तळहात टेकल्यापासून आवाज उमटेपर्यंत ५२ फ्रेम, म्हणजे जवळपास २१७ मिलिसेकंद. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज साधारण १२५ मिलिसेकंद मागे पडला की बघणाऱ्याला जाणवतो. पुढे गेला तर ४५ लाच जाणवतो. इथे तर सव्वादोनशेच्या घरात काम.

सर्व्हिसवाल्यांना तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा "रीसेट करा". घरी आलेल्या माणसाने दोन मिनिटं ऐकलं आणि "ब्लूटूथमध्ये असं होतंच" म्हणून कागदावर सही मागितली. मी सही दिली नाही. होतंच, तर खोक्यावर 'टीव्हीसाठी उत्तम' कशाला छापता?

त्यानंतर टीव्हीच्या मेन्यूत 'ऑडिओ डिले' नावाची पट्टी सापडली आणि जीव भांड्यात पडला. तो आनंद मिनिटभर टिकला. पट्टी ० पासून २५० पर्यंत जाते, शून्याच्या अलीकडे सरकतच नाही. म्हणजे मागे पडलेला आवाज आणखी मागे ढकलता येतो, पुढे ओढता येत नाही! या पट्टीवर मी जितका चिडलोय तितका आयुष्यात कुठल्या मेन्यूवर चिडलो नसेन. गेम मोडचा सल्ला सगळे देतात, तोही करून पाहिला. फरक वाढला. साहजिक आहे, गेम मोडमध्ये चित्र लवकर येतं आणि आवाज होता तिथेच राहतो.

इथवर मी स्पीकरलाच दोष देत होतो आणि रिव्ह्यूत एक तारा देऊन मोकळा होणार होतो. मग एका संध्याकाळी टीव्हीतल्याच ॲपवर मुलाखत लावली, तोच स्पीकर, तेच ब्लूटूथ, आणि ओठ बरोबर जुळले! सेट-टॉप बॉक्स लावला की पुन्हा मागे. लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये आवाज पुढे ओढणारं 'जे' बटण चार वेळा दाबलं, दर वेळी ५० मिलिसेकंद, की तिथेही जुळतं.

कारण सरळ आहे. ॲपच्या किंवा व्हीएलसीच्या हातात अख्खा व्हिडिओ असतो, ते चित्र थोडं थांबवून धरतात. सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयने येणारं चित्र मात्र दाबून लहान केलेलं नसतं, पूर्ण उलगडूनच येतं. फोर-केची एक फ्रेम साधारण २५ एमबी. सेकंदाला ५० फ्रेम धरल्या तर २०० मिलिसेकंद थांबवायला अशा दहा, म्हणजे २५० एमबी सतत साठवायला हवेत. माझा टीव्ही ते करत नाही. त्यात ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या पद्धतींपैकी (कोडेक) तो फक्त एसबीसी या साध्या कोडेकवर बोलतो. सुमारे ४० मिलिसेकंदांत काम उरकणारं ॲप्टएक्स लो लेटन्सी हे कोडेक स्पीकरमध्ये आहे, पण ते दोन्ही टोकांना लागतं. तेव्हा स्पीकरबद्दल जे बोललो ते मागे घेतो.

सगळे म्हणाले साउंडबार घे. चांगला स्पीकर घरात असताना दुसरा घेणं मला पटेना. स्पीकरच्या मागे रबरी झाकणाखाली ऑक्सचं, म्हणजे वायरने आवाज आत घेण्याचं, भोक आहे, ते मी सहा महिने उघडलंही नव्हतं. पाच मीटरची साधी ऑक्स वायर आणली, एक टोक टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात, दुसरं स्पीकरमध्ये, भिंतीच्या कडेने क्लिपा ठोकल्या. वायर लांब झाली म्हणून आवाज मागे पडत नाही.

पुन्हा टाळी लावली. आता आवाज १४ फ्रेम पुढे! साधारण ५८ मिलिसेकंद. माझा टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात वेळ घालवतो आणि तोवर हेडफोनचा आवाज पुढे सुटतो. ज्या पट्टीला इतक्या शिव्या दिल्या तीच कामाला आली. ६० वर ठेवली आणि टाळी अगदी टाळीवर पडली.

एक जाच उरलाय. ऑक्सवर दहा मिनिटं शांतता गेली की स्पीकर झोपतो आणि उठताना पहिला शब्द गिळतो. त्यावर उपाय सापडलेला नाही. शिवाय वीज गेली की टीव्ही ती पट्टी शून्यावर आणतो. म्हणून रिमोटच्या पाठीवर चिकटपट्टी लावून '६०' लिहून ठेवलंय. परवा वीज जाऊन आली तेव्हा मी बाहेर होतो. आईने चष्मा लावून आकडा वाचला, मेन्यू शोधला आणि स्वतःच साठावर आणून ठेवला.