कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला, आणि माझी हार्ड डिस्क परत आलीच नाही

ज्यांचं पोट कॉम्प्युटरवर आहे त्यांनी हे जरूर वाचावं.

मी हडपसरला घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं, शिवाय आजूबाजूच्या लोकांचे फॉर्म भरून देणं. मशीन २०१८ साली असेंबल करून घेतलेलं. इतकी वर्षं त्याने कधी कुरकुर केली नाही.

ऐन लग्नसराईत ते मध्येच बंद पडायला लागलं. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठा फ्लेक्स एक्स्पोर्टला लावला की पंख्याचा आवाज वाढायचा आणि खटकन् स्क्रीन काळी. एरर नाही, काही नाही, कुणी प्लग उपटावा तसं. मग आपोआप पुन्हा सुरू. नुसता मेल उघडून ठेवला तर दिवसभर काही व्हायचं नाही. ही खूण किती महत्त्वाची आहे हे मला कळलं नव्हतं. दुकानदाराला कळायला हवं होतं.

जवळच्या दुकानात नेलं. "ताई, रॅम गेली." २,४०० रुपये. घरी आणलं तर काळ्या स्क्रीनच्या जोडीला निळी स्क्रीनही यायला लागली, 'मेमरी मॅनेजमेंट' लिहिलेली. पुन्हा नेलं. "आमच्याकडे तर चालतोय बघा," म्हणत त्याने रिकामा डेस्कटॉप दाखवला, आणि दोन दिवसांनी फोन केला की मदरबोर्डच बाद आहे. ६,५००. त्यानंतर हार्ड डिस्क, २,८००. दर खेपेला सर्व्हिसिंगचे ५०० वेगळे. तीन खेपांत १३,२०० रुपये गेले. बिल म्हणजे 'एस्टिमेट' छापलेल्या कागदावर पेनने लिहिलेले आकडे, पार्टचा सिरियल नंबर कुठेच नाही. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "त्यावर अठरा टक्के जीएसटी लागेल." मी गप्प बसले. तिथेच चुकलं.

मशीन बंद पडायचं ते पडतच होतं. शेवटी भावाने बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या एका काकांकडे नेलं. त्यांनी झाकण उघडण्याआधी विचारलं, "बंद कधी पडतो? काम करताना की नुसता चालू असताना?" तोवर हे मला कुणीही विचारलं नव्हतं.

त्यांनी एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पिवळ्या वायरवर मल्टिमीटर लावला. १२.१ व्होल्ट. मग मशीनवर लोड टाकला. आकडा उतरत उतरत १०.८ वर आला आणि स्क्रीन काळी झाली. ११.४ च्या खाली उतरायलाच नको, ते म्हणाले. एसएमपीएस खोलून दाखवला तर आतल्या तीन कपॅसिटरची डोकी फुगलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकटा. हा एसएमपीएस माझा मूळचाच. मूळ दोष त्याच्यात होता, आणि तीन खेपांत त्याला कुणी हातही लावला नव्हता.

पुढचं ऐकून माझे हातपाय गार पडले. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, लावला तर चार मिनिटांत चुका दाखवणाऱ्या लाल ओळी. म्हणजे निळी स्क्रीन त्या 'नव्या' रॅमची होती. आणि हार्ड डिस्क? क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासायचा प्रोग्राम उघडला की पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली ते, दिसतं. माझ्या तीन आठवड्यांच्या डिस्कचे तास होते १९,२१४. म्हणजे ८०० दिवस रात्रंदिवस चाललेली डिस्क. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआरमधून काढलेली असावी, असं काकांचं मत. एसएमपीएस नवा टाकला, २,६०० रुपये. रॅमही बदलली. त्यानंतर मशीन एकदाही बंद पडलेलं नाही.

दुकानात जाऊन माझे जुने पार्ट मागितले. "भंगारात गेले ताई." १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, व्हॉट्सअॅपचे मेसेज दिले. त्याने रॅमचे २,४०० परत केले, बाकीचं नाकारलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, म्हणून तिकडेही जाणार आहे. पण सिरियल नंबर नसल्याने डिस्क त्यानेच दिली हे दाखवणं अवघड आहे. तुम्ही मशीन देण्याआधी रॅम, बोर्ड आणि डिस्कवरच्या स्टिकरचे फोटो काढा, दुकानदारासमोरच काढा. पार्ट बदलला तर जुना त्याच वेळी हातात घ्या. हार्ड डिस्क तर शक्यतो काढून घरीच ठेवा.

पैशांपेक्षा मला परत न आलेल्या माझ्या जुन्या डिस्कचाच घोर लागलाय. तिच्यात लोकांचे आधार, पॅन, पासबुकं स्कॅन करून ठेवलेली होती. विश्वासाने दिली होती त्यांनी. नव्या डिस्कवर कॉपी होऊन आलेल्या फोल्डरवरून यादी काढली, ६४ जण निघाले. रोज संध्याकाळी एकेकाला फोन करून घडलं ते सांगते, आधारचं बायोमेट्रिक लॉक करून देते, बँकेच्या मेसेजवर लक्ष ठेवायला सांगते. आजवर ४१ झाले. एका आजींचा नंबर लागत नाही. उद्या सकाळी त्यांच्या घरीच जाऊन येणार आहे.