साखरपुडा झाला, डिग्री बाकी: लग्न याच आखाजीला उरकायचं की पेपर संपल्यावर?

चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा, कुठलंही कॉलेज घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बोटात नवी अंगठी असलेल्या दोन-चार मुली आणि एखादा मुलगा असतोच. स्थळ चांगलं आलं, सुपारी फुटली, साखरपुडा झाला. आता तारखेचं घोडं अडलेलं असतं. मुलाकडचे म्हणतात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उरकून टाकू. मुलीचे वडील म्हणतात तुम्ही म्हणाल तसं. आणि ज्यांचं लग्न आहे ते दोघं रात्री फोनवर एकमेकांना विचारत बसतात, "तुला काय वाटतं?" हे त्या दोघांसाठी लिहिते आहे. मी कॉलेजात शिकवते, म्हणजे माझा कल कुठे असणार ते उघड आहे. तरी "आता" म्हणणाऱ्यांकडेही बोलण्यासारखं बरंच आहे, तेही मांडते.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण, हा कायदा आहे. मुलीचं वय २१ करण्याचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आलं होतं, पण २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही बारगळलं. मुलीबद्दल ही अट सगळ्यांना पाठ असते, मुलाची जन्मतारीख मात्र कोणी बघत नाही. एकाच वर्गातल्या दोघांचं जुळलं असेल तर तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा बऱ्याचदा वीस वर्षांचाच असतो. त्याचा दाखला काढून बघा. २१ पूर्ण नसतील तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही, उत्तर मिळालं.

पंचांग आणि विद्यापीठ

आपल्याकडे लग्नाचे दोन हंगाम. तुळशीचं लग्न लागलं की पहिला आणि माघ-फाल्गुनापासून आखाजी धरून ज्येष्ठापर्यंत दुसरा. आता सेमिस्टरचं वेळापत्रक शेजारी ठेवा. हिवाळी परीक्षा साधारण तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे, उन्हाळी परीक्षा आखाजीच्या आगेमागे. चातुर्मासात, जेव्हा कोणी लग्न काढत नाही, तेव्हा मात्र वर्ग निवांत भरत असतात. पंचांग करणाऱ्यांनी आणि परीक्षा विभागाने मिळून हे ठरवलं असावं अशी मला कधीकधी शंका येते.

म्हणून "पेपर सुरू असताना एक दिवसाचं तर लग्न, त्यात काय" हे ऐकायला सोपं वाटतं. तो एक दिवस नसतो. बस्ता, देवक, हळद, लग्न, पाठवणी, सत्यनारायण, देवदर्शन, मग माहेरी परतणं. सुपरव्हिजनला असताना मी उत्तरपत्रिकेच्या पहिल्याच पानावर हळदीचा पिवळा अंगठा उमटलेला बघितला आहे. मुलगी हिरवा चुडा कोपरापर्यंत मागे सारून लिहीत होती, कारण बांगड्यांच्या आवाजाने पुढचा मुलगा सारखा वळून बघत होता. ती हुशार होती आणि तिने पेपर पूर्ण लिहिलाही. पण आदल्या रात्री किती झोपली होती, ते तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

त्याच पेपरला मुलीच्या जागी मुलगा असता तर? त्याच्या हळदीचा डाग धुतला जातो आणि तो संध्याकाळी पुन्हा आपल्याच खोलीत, आपल्याच पुस्तकांपाशी असतो. "आता" आणि "नंतर" यांतला खरा फरक इथे आहे. लवकर लग्नाची किंमत दोघं सारखी मोजत नाहीत. म्हणून तुलना करताना तुमच्या दोघांच्या सोयीची सरासरी काढू नका, आधी तिचं उरलेलं शिक्षण बघा.

सासरहून कॉलेज

"शिकू देऊ की, आम्ही कुठे नाही म्हणतो." हे वाक्य बहुतेक घरं मनापासून बोलतात. मला त्यांच्या मनावर शंका नाही, एसटीच्या वेळापत्रकावर आहे. सासर ते कॉलेज किती अंतर, पहिली गाडी किती वाजता, परतीची शेवटची कधी, हे कागदावर लिहा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पैशाचा प्रश्न निम्मा झाला. वेळेचा प्रश्न तेवढाच आहे. सात वाजता घर सोडणाऱ्या सुनेने सकाळच्या भाकरी कधी टाकायच्या, हे साखरपुड्यानंतरच्या गप्पांत येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात येतं.

सासर कुठल्या जिल्ह्यात पडतं, यालाही महत्त्व आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात येतात. चोपड्याची मुलगी शिरपूरला किंवा शहाद्याला दिली, तर कॉलेज बदलायला खटपट लागते, पण विद्यापीठ तेच राहतं. मुलगा नाशिक-मालेगावकडचा असेल तर पुणे विद्यापीठ, मलकापूरकडचा असेल तर अमरावती, आणि सुरतेला उधन्यात खोली असेल तर राज्यच वेगळं. तिथे मधल्या वर्षाला प्रवेश मिळवणं हे खूप दिवसांचं काम होतं. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट ज्या ऑनलाइन खात्यात जमा राहतात त्या क्रेडिट बँकेत ते सात वर्षं टिकतात, नव्या शैक्षणिक धोरणात मधेच थांबून पुन्हा येता येतं, हे खरं आहे. पण मधे थांबलेली मुलगी पुन्हा वर्गात बसलेली मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. मुक्त विद्यापीठातून पुरी केलेली डिग्रीही डिग्रीच असते, कला-वाणिज्याला ती वाट चांगली आहे. सायन्सच्या प्रॅक्टिकलला ती तितकी सोयीची नाही.

कागदपत्रांबाबत थोडक्यात, कारण यावरून उगाच घोटाळे होतात. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असं कुठल्याही कायद्यात नाही. बदलायचंच असेल तर शेवटची मार्कशीट आणि डिग्री हातात आल्यावर बदला. आधारवर सासरचं नाव आणि हॉल तिकिटावर माहेरचं, असं झालं की परीक्षेच्या दारातच रडारड होते. जात जन्मावरून ठरते, ती लग्नाने बदलत नाही, म्हणून जातीचा दाखला आणि जात पडताळणीचं प्रमाणपत्र (व्हॅलिडिटी) माहेरच्याच नावाने राहतं. इंजिनिअरिंग-फार्मसीसारख्या कोर्सला २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसी मुलींना फी माफ आहे. ती सवलत घेत असाल तर लग्नानंतर उत्पन्नाचा दाखला कोणाचा लागेल, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर आधी विचारून घ्या, मग तारीख काढा.

पैसा: इथे "आता"चं पारडं जड होतं

थांबणं स्वस्त असतं असा शिकलेल्या लोकांचा समज आहे. खेड्यात तसं नसतं. साखरपुडा ते लग्न जितके सण, तितक्या साड्या, तितके आहेर, तितके मिठाईचे बॉक्स. दिवाळी, संक्रांत, आखाजी, मधे कोणाचं बारसं, कोणाची वास्तुशांत. दोन वर्षं थांबलं तर मुलीच्या बापाला मांडव घालायच्या आधीच अर्ध्या लग्नाचा खर्च होतो. शिवाय घरात धाकटी बहीण असेल आणि दोघींचं एकाच मांडवात उरकणार असेल, तर जेवणावळ एकच, मंडप एकच. सामूहिक विवाहात बसवलं तर आणखी कमी. आजी अंथरुणाला खिळलेली असेल आणि तिला नातसून बघायची असेल, तर तेही कारण मी हलकं मानत नाही.

पण शेतकऱ्याच्या घरात पैसा कधी येतो, तेही बघा. कापूस दसऱ्या-दिवाळीपासून घरात यायला लागतो आणि भाव बघत बघत माघापर्यंत विकला जातो. मार्चअखेर सोसायटीचं पीककर्ज भरायचं, आणि मृग तोंडावर आला की बियाणं-खत. आखाजीचं लग्न नेमकं या दोन खर्चांच्या मधे सापडतं. बागायती केळीवाल्यांचं वेगळं. रावेर-यावलकडे घड वर्षभर निघतात, त्यांना ही ओढाताण कमी असते. कोरडवाहू घराने आखाजीला थाटात लग्न केलं, तर जूनमध्ये बियाण्याला उधारी ठरलेली. मागच्या दिवाळीपासून पैसे बाजूला ठेवलेले असतील तर गोष्ट निराळी.

सोयरीक जमवताना सातबारा दाखवतात. किती एकर, विहीर आहे का, ठिबक आहे का, एवढंच बघून परत देतात. त्यावर "इतर हक्क" असा रकाना असतो, तो वाचा. बँकेचा बोजा तिथे लिहिलेला असतो. हे मुलीकडच्यांनी बघणं म्हणजे अविश्वास, असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या. दोघांना मिळून संसार करायचा आहे, तर डोक्यावर किती कर्ज आहे हे दोघांनाही आधी माहीत हवं. आणि मुलानेही सासऱ्यांनी लग्नासाठी किती उचल घेतली आहे, हे विचारावं. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. "आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या" हे वाक्य फार महागात पडतं. ते ऐकल्यावर मुलाने तिथेच, बैठकीत, तोंड उघडावं.

"नंतर"ची गैरसोय

लांब साखरपुड्यात दोन घरांना भांडायला भरपूर वेळ मिळतो. कोणत्या आत्याला बोलावलं नाही, फोटो कोणी स्टेटसला ठेवला, मुलगी पिकनिकला का गेली. मुलगा रात्री दीड वाजेपर्यंत फोनवर बोलतो आणि सकाळचं लेक्चर बुडवतो. थांबून शिक्षण वाचवायचं म्हणता आणि शिक्षण फोनवरच जातं. तेव्हा थांबायचं ठरलं तर बोलण्याचा वेळ आणि सणांची देवाणघेवाण दोन्हींना आधीच मर्यादा घाला. दोन्ही घरांत एकेक माणूस असतो ज्याचं सगळे ऐकतात. त्याला आधी गाठा, म्हणजे ते तुम्हाला स्वतः बोलावं लागणार नाही.

या काळात बोलायचं काय, हेही ठरवा. राहणार कुठे? पुण्याला चाकण-भोसरीत, सुरतेला, की गावात? शेती कोण बघणार, भाऊ की तुम्ही? तिला नोकरी लागली आणि ती दुसऱ्या गावाला असेल तर? मूल कधी? या शेवटच्या प्रश्नाला लाजून चालत नाही. "आता" लग्न करून शिकायचं असेल, तर सगळा बेत त्यावरच उभा आहे. सरकारी आरोग्य केंद्रात निरोध, छाया या गर्भनिरोधक गोळ्या आणि अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन मोफत मिळतं. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची असते. अंतरा दर तीन महिन्यांनी. ते बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात, म्हणून डॉक्टरांशी बोलून निवडा.

आणि तारीख कुठलीही असो, दोघांनी रक्त तपासून घ्या. नंदुरबार, धुळे आणि चोपडा-यावलच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. थॅलेसेमियाचीही तपासणी त्याच वेळी होते. जो नुसता वाहक असतो, म्हणजे स्वतःला आजार नसताना तो मुलांना देऊ शकतो, त्याला बहुधा त्रास जाणवतही नाही. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून सोयरीक मोडायची असं नाही. पण डॉक्टरांना भेटायचं ते लग्नाआधी, तिसऱ्या महिन्यात धावपळ करत नव्हे.

मधली वाट

काही जण म्हणतात, आता नोंदणी करून टाकू, कार्यक्रम नंतर. विशेष विवाह कायद्याने करायचं तर विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्या, ३० दिवस थांबा, तीन साक्षीदार आणा, झालं. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लावावं लागतं. मुलाला परदेशी लवकर जायचं असेल, नाहीतर घरात मोठं आजारपण असेल, तर ही वाट चांगली. मुलीने शिक्षण संपेपर्यंत हॉस्टेलवरच राहायचं, हे मात्र तेव्हाच पक्कं करा. नाहीतर कागद झाला की सासू म्हणणार, "सून आमची, मग हॉस्टेलवर कसानी ऱ्हाई ऱ्हायनी?" आणि तिचंही चुकलं असं म्हणता येणार नाही.

माझी निवड

एक-दोन सेमिस्टर उरली असतील तर थांबा, यात मला शंका नाही. मे महिन्यात पेपर द्या आणि चातुर्मास निकाल, बी.एड.ची सीईटी किंवा नोकरीची शोधाशोध यांत जाऊ द्या. तुळशीचं लग्न झालं की मार्गशीर्षात बार उडवा. थंडी असते, कापसाचा पैसा हातात असतो आणि वरण-बट्टी जेवायला पाहुणे घामाघूम होत नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला टेकलेला असताना दुपारची पंगत ही वऱ्हाडाला शिक्षाच. पुढे एम.ए., एम.एस्सी.ला प्रवेश घेतला असेल तर हिवाळी पेपर मधे येतील, मग माघात करा.

मुलगी पहिल्याच वर्षाला असेल, सासर याच तीन जिल्ह्यांत असेल, बस असेल आणि घरात तिच्यासोबत स्वयंपाकाला आणखी एक माणूस असेल, तर दोन-अडीच वर्षांचा लांबलचक साखरपुडा ओढण्यापेक्षा लग्न करून शिकणं चालू शकतं. यातली एक जरी गोष्ट नसेल तर मी तो धोका पत्करणार नाही. डिग्री दोघांची झाली असेल आणि फक्त त्याच्या नोकरीसाठी थांबला असाल, तर किती थांबायचं याला तारीख घाला. "नोकरी लागली की" ही तारीख नाही.

थांबलात आणि एखादा विषय राहिला तर? तर लग्न पुढे ढकलू नका. एटीकेटीचा एक पेपर माहेरी चार दिवस येऊन देता येतो. त्या सेमिस्टरचा फॉर्म वेळेत भरायची जबाबदारी मात्र नवऱ्यावर टाका, आणि शेवटची तारीख त्याच्या मोबाइलमध्ये लावून द्या.