करंटची काठी: काही महिने वापरल्यावर, आणि बटण अडकल्यावर

जनावर पुढे सरकावं म्हणून विजेचा धक्का देणारी, बॅटरीवरची करंटची काठी बहुतेक पशुपालकांनी हाताळलेली असते, म्हणून व्होल्टेज आणि लांबीत जात नाही. मला बोलायचंय ते तिच्या बटणाबद्दल.

लसीकरणासाठी जनावरं खोड्याकडे (जनावर अडकवून धरायच्या चौकटीकडे) नेत होतो. पुढे जाईना अशा गाईला मागच्या पुठ्ठ्यावर काठीचा जरासा स्पर्श केला, बोट उचललं, तरी बटण दबलेलंच. टोकाशी तडतड चालू. काठी मागे घेताना शेजारची गाय वळली आणि टोक थेट तिच्या कासेला लागलं. संध्याकाळी तिने पान्हा चोरला, दूध उतरूच दिलं नाही. घाबरलेल्या जनावराच्या अंगात ॲड्रेनालिन चढलं की पान्हा फुटत नाही, हे दूध काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

सेवा केंद्राचं उत्तर: आत ओल गेली आहे, वॉरंटीत बसत नाही. अहो, ही काठी गोठ्यासाठीच विकता ना? शेण, मूत, पाणी यांच्यातच ती राहणार. बटणावर साधं रबराचं टोपण असतं तर हे घडलंच नसतं. बरीच हुज्जत घालूनही दुरुस्तीचे पैसे मीच भरले, आणि बसवलं पुन्हा तेच बटण.

युरोपीय संघाच्या वाहतूक नियमात (१/२००५) धक्का एका सेकंदापेक्षा जास्त नको, फक्त प्रौढ गाईगुरांना आणि डुकरांना, मागच्या मांसल भागावर आणि पुढे सरकायला जागा असेल तरच, असं स्पष्ट लिहिलंय. ही अट पाळायची तर काठी सेकंदाने आपोआप बंद व्हायला हवी. माझी होत नाही.

पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर चार तारे दिले असते. सेल टिकतात, पकड चांगली आहे, वजन हलकं आहे. मत बदललं ते काठी दुरुस्तीला गेली तेव्हा. बांबूला कापड बांधून काम चालवलं. गाईच्या खांद्यामागे उभं राहिलं की ती पुढे जाते, खांद्यापुढे गेलं की मागे सरते. एकदम पाठीमागे उभं राहिलं तर आपण तिला दिसतच नाही. त्यातून अडण्याची खरी कारणं दिसली. खोड्याच्या तोंडाशी साखळी लोंबत होती आणि तिथल्या डबक्यात ऊन चमकत होतं. साखळी वर बांधली, डबकं बुजवलं. आता बहुतेक गाई कुणी न हाकलता आत शिरतात. जनावरांच्या वर्तनाच्या अमेरिकी अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांच्या कत्तलखान्यांसाठीच्या निकषात शंभरात पंचवीसपर्यंत जनावरांना काठी लावणं चालतं, पाचपर्यंत असेल तर काम उत्कृष्ट. गोठ्यात तर पाचाचीही गरज पडू नये, असं मला आता ठामपणे वाटतं.

काठी टाकून दिलेली नाही, पैसे मोजलेत. पण ती हातात कुणी धरत नाही. सेल काढून खुंटीला टांगली आहे. वासरं, शेळ्या, मेंढ्यांजवळ तर ती न्यायचीच नाही.

दोन तारे. एक पकडीला, एक सेलना; बटणाला शून्य. घ्यायचीच असेल तर दुकानातच बटण दाबून धरा आणि ती आपोआप थांबते का ते बघा. झाकणवालं बटण सुटं मिळेल का, असं कंपनीला लिहून विचारलंय. अजून उत्तर नाही. आलं की इथे भर घालीन.