'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' की 'द प्राउलर': नाच बंद पडलेली दोन गावे

ऐंशीच्या दशकातील स्लॅशरपटांविषयी, म्हणजे मुखवटाधारी खुनी एकेकाला गाठून मारतो अशा भयपटांविषयी, बोलणे निघाले की ते दोन-तीन गाजलेल्या मालिकांपाशीच घुटमळत राहते. त्या मालिका पाहून झालेल्या आणि आता जरा आडवाटेला वळू इच्छिणाऱ्या प्रेक्षकापुढे जी नावे येतात, त्यांत १९८१ मधील हे दोन चित्रपट बहुधा शेजारी-शेजारीच असतात. त्यांपैकी आधी कोणता पाहावा, किंवा डिस्कवर एकदाच पैसे घालायचे असतील तर कोणत्यावर घालावेत, असा प्रश्न मला या वर्षात दोन परिचितांनी विचारला. मी स्वतः दोन्ही विकत घेतलेले आहेत आणि दोन्ही जपून ठेवले आहेत. तरीही एकाचेच नाव सुचवतो, आणि त्यामागचे कारण वाटते तितके सरळ नाही.

निवड अवघड होते ती दोन्ही कथा जवळजवळ जुळ्या असल्यामुळे. जॉर्ज मिहाल्का यांच्या 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'मध्ये व्हॅलेंटाइन ब्लफ्स नावाचे खाणकामगारांचे गाव आहे. वीस वर्षांपूर्वी तिथले दोन मुकादम व्हॅलेंटाइनच्या नाचाला जाण्याच्या घाईत खाणीतील मिथेन या स्फोटक वायूचे प्रमाण न तपासताच निघून गेले, स्फोट झाला, आणि गाडल्या गेलेल्यांपैकी एकटा हॅरी वॉर्डन जिवंत बाहेर आला. पुढच्या वर्षी त्याने त्या दोघांना मारले आणि पुन्हा नाच ठेवाल तर याद राखा, असे गावाला बजावले. जोसेफ झिटो यांच्या 'द प्राउलर'मध्ये ॲव्हलॉन बे नावाचे टुमदार गाव आहे. महायुद्धावर गेलेल्या एका सैनिकाला त्याची प्रेयसी पत्राने नकार कळवते, आणि १९४५ च्या पदवीदान समारंभाच्या नाचात ती व तिचा नवा मित्र यांचा खून होतो. मुलीचा बाप पस्तीस वर्षे नाच होऊ देत नाही. दोन्ही गावांतली तरुण मंडळी, अर्थातच, नाच पुन्हा सुरू करायचे ठरवतात.

खुनी ओळखू न येण्याची सोयही दोघांनी सारखीच शोधली आहे. एकीकडे खाणकामगाराचा काळा पोशाख, डोक्यावर दिवा, तोंडावर गॅसमास्क आणि हातात टिकाव. दुसरीकडे सैनिकी गणवेश, चेहरा पूर्ण झाकलेला, आणि हातात संगीन किंवा गवत उचलण्याचा लोखंडी काटा. या काळातील बहुतेक मुखवटे दुकानातून उचलून आणल्यासारखे वाटतात. इथे मात्र दोन्ही पोशाख त्या-त्या माणसाच्या पेशातून आलेले आहेत, आणि माझ्या मते या दोन चित्रपटांना टिकवून धरणारी पहिली गोष्ट हीच आहे.

'प्राउलर'ची बाजू आधी मांडतो, कारण केवळ कारागिरीच मोजायची असेल तर पारडे निःसंशय त्याच्याकडे झुकते. त्यातील खुनांची रंगभूषा टॉम सॅव्हिनी यांची आहे. व्हिएतनाममध्ये लष्करी छायाचित्रकार म्हणून काम केलेला हा माणूस एका सूडाने पेटलेल्या सैनिकाच्या चित्रपटासाठी जखमा घडवतो, हा योगायोग मनातून जात नाही. पोहण्याच्या तलावातील प्रसंगात मुलीच्या गळ्यावर संगीन येते तेव्हा कॅमेरा बाजूला वळेल, पाण्याकडे जाईल किंवा निदान किंकाळीवर तुटेल, अशी आपली सवयीची अपेक्षा असते. ती पूर्ण होत नाही आणि पाहणाऱ्यालाच नजर वळवावी लागते. न्हाणीघरातील खुनाचेही तसेच. अशा प्रसंगांत मी सहसा हसतो, ही माझी वाईट खोड आहे; पण 'प्राउलर' पाहताना हसू आले नाही, एवढी एक वैयक्तिक पावती मी देऊ शकतो.

त्याचे चित्रीकरण न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला, केप मे या गावी झाले आहे, आणि आम्ही न्यू जर्सीतल्याच एडिसनचे रहिवासी असल्याने तिथे जाणे दोन-अडीच तासांचे काम आहे. मागच्या ऑक्टोबरात सौभाग्यवतींना समुद्र दाखवण्याच्या मिषाने मी तिकडे गाडी घातली. लाकडी नक्षीच्या व्हरांड्यांची जुनी व्हिक्टोरियन घरे, सुट्ट्या संपल्यामुळे ओस पडलेले रस्ते आणि संध्याकाळी पाचलाच उतरलेले ऊन असे सगळे मिळून जे दिसले, ते चित्रपटात बऱ्यापैकी उतरले आहे. त्या घरांमध्ये रात्री कंदील घेऊन कोणी चालताना दिसले तर चालत्या गाडीतूनही ते बरे वाटणार नाही. 'प्राउलर'मध्ये गाव शोभिवंत आहे हे मान्यच करावे लागेल. अडचण अशी की ते केवळ शोभिवंत आहे. तिथे राहणारी माणसे दिवसभर काय करतात, याचा पत्ता लागत नाही.

'व्हॅलेंटाइन' मी पहिल्यांदा पाहिला तो लालबागच्या चाळीत, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. व्हिडिओ लायब्ररीतून आलेली कॅसेट नकलेची नक्कल होती, त्यामुळे खाणीतील अर्धा चित्रपट म्हणजे काळ्या पडद्यावर हलणारा एक दिवा आणि मुखवट्यातून येणारा जड श्वास, एवढाच होता. त्यात भर म्हणजे टिकाव उगारला की दृश्य तिथेच तुटे आणि पुढच्या क्षणी भलतीच माणसे बिअर पीत असत. कॅसेटच खराब आहे अशी आमची समजूत होती, आणि माझ्या थोरल्या चुलतभावाने लायब्ररीवाल्याशी त्यावरून हुज्जतही घातली. तो बिचारा निर्दोष होता, हे पुष्कळ वर्षांनी कळले. अमेरिकेत चित्रपटांना प्रमाणपत्र देणाऱ्या एमपीएए या चित्रपट-उद्योगाच्या संस्थेने या चित्रपटाला इतके कापायला लावले होते की चित्रपटगृहांत गेलेली प्रतही तशीच तुटक होती. कापलेल्यांपैकी सुमारे तीन मिनिटे २००९ च्या डिस्कमध्ये परत जोडली गेली. ती जोडलेली दृश्ये आजूबाजूच्या चित्रापेक्षा खरखरीत दिसतात आणि रंगही किंचित बदलतो, त्यामुळे आता खून जवळ आला हे चित्राचा पोतच आधी सांगून टाकतो. ज्याला निर्दोष चित्रच हवे आहे त्याने हे लक्षात घ्यावे. मला मात्र ते जुन्या साडीला लावलेल्या ठिगळासारखे, जपून केलेले वाटते.

पण त्या काळ्या, तुटक कॅसेटवरही हा चित्रपट मनात राहिला होता, आणि ते खुनांमुळे नक्कीच नव्हे, कारण खून आम्ही पाहिलेच नव्हते. राहिली ती पाळी सुटण्याची दृश्ये. खाणीतून वर आलेली पोरे अंगावरचा कोळसा धुतात, एकमेकांच्या खोड्या काढतात, गाड्या पळवत गावात येतात आणि गुत्त्यावर जमतात. माझे वडील गिरणीत होते. भोंगा झाल्यावर दरवाज्यातून बाहेर पडणाऱ्या माणसांचा तो मोकळेपणा आणि त्याखालचा थकवा मला ओळखीचा होता. या मंडळींना कामावर जायचे असते, प्रेमात जुनी देणी असतात. मालकाचा मुलगा टी. जे. बाहेर नशीब काढायला जाऊन हरून परत आलेला आहे, आणि आता बापाच्याच खाणीत उतरतो; मधल्या काळात त्याच्या प्रेयसीचे दुसऱ्याशी जुळले आहे. कथा म्हणून यात नवीन काही नाही, पण सुट्टीवर आलेल्या कॉलेजच्या पोरांपेक्षा ही माणसे मेल्यावर जास्त वाईट वाटते.

चित्रीकरण कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात, सिडनी माइन्स येथील खऱ्या कोळशाच्या खाणीत झाले. चित्रपटाची मंडळी येणार म्हणून गावकऱ्यांनी खाण आधीच स्वच्छ करून ठेवली, आणि मग ती पुन्हा मळकी करायला निर्मात्यांना खर्च करावा लागला, असा किस्सा सांगितला जातो. आपल्याकडे मंत्री येणार म्हणून शाळेला रंग देतात तसाच हा प्रकार असल्याने मला तो मनापासून पटतो. खाणीचा खरा उपयोग दिसतो तो कपडे बदलण्याच्या खोलीत. तिथे कामगारांचे पोशाख छताला आकड्यांवर टांगलेले असतात आणि साखळीने खाली सोडले जातात. एक मुलगी तिथे एकटी असताना हे रिकामे पोशाख एकामागून एक तिच्याभोवती खाली येऊ लागतात; प्रत्येकात माणूस असू शकतो आणि एकातही नसतो, आणि ती त्यांच्यामधून वाट काढू लागते. प्रसंगाच्या एवढ्या भागाला रक्ताचा थेंबही लागलेला नाही. शेवटाकडे खुनी बोगद्यातून चालत येताना भिंतीवरचे दिवे टिकावाने एकेक करून फोडत येतो, तेही तितकेच साधे आणि तितकेच वाईट. ही जागा खाणीबाहेर सुचलीच नसती.

आता माझ्यापुरता निकाल ज्या गोष्टीने लागला, तिच्याकडे येतो. 'प्राउलर'मध्ये शेरीफ, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, मासेमारीच्या सुट्टीवर गेलेला असतो आणि गावाची जबाबदारी त्याच्या तरुण सहायकावर असते. गावात काहीतरी भयंकर चालू आहे हे ध्यानात आल्यावर तो शेरीफ जिथे उतरला आहे तिथे फोन लावतो. पलीकडचा माणूस बघतो म्हणून फोन बाजूला ठेवतो आणि कुठेही न जाता तसाच बसून राहतो. आपण त्याला बसलेले पाहतो. इकडे सहायक कानाला फोन लावून उभा आहे, तेही आपण पाहतो. पुरेसा वेळ गेला असे वाटल्यावर तो माणूस फोन उचलतो आणि ते सापडत नाहीत म्हणून सांगतो. हा विनोद म्हणून एकदा चालून गेला असता, आणि सरकारी कचेरीत फोन केलेल्या कोणालाही तो कळेल. परंतु हा प्रसंग रहस्याला पुढे नेत नाही, भीती वाढवत नाही, आणि संपायचे नावही घेत नाही. मी 'प्राउलर' चार वेळा पाहिला आहे आणि चारही वेळा माझा हात याच जागी रिमोटकडे गेला आहे. चौथ्यांदा तर मी उठून गॅसवरचे दूध पाहून आलो, तेव्हा तो सहायक अजून फोनवरच होता.

हा एकच प्रसंग असता तर मी सोडून दिले असते. पण एकदा तो खटकला की बाकीचेही खटकू लागते. नायक-नायिका एका जुन्या घरात शिरून अंधारात खोल्यांमागून खोल्या पालथ्या घालतात, आणि त्या शोधातून आपल्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही. १९४५ मध्ये मारल्या गेलेल्या मुलीचा वृद्ध बाप, मेजर चॅटम, चाकाच्या खुर्चीतून नायिकेचा हात धरतो, आता काहीतरी उलगडणार असे वाटते, आणि पुढे चित्रपट त्या म्हाताऱ्याला साफ विसरून जातो. फार्ली ग्रेंजरसारखा, रहस्यपटांचा नामवंत दिग्दर्शक हिचकॉक याच्या हाताखाली काम केलेला नट शेरीफ म्हणून घेतला आहे आणि त्याला बहुतेक वेळ पडद्याबाहेर ठेवला आहे. खुनी कोण हे मी इथे सांगणार नाही. अनुभवी प्रेक्षकाला ते पहिल्या अर्ध्या तासातच कळेल, असे मात्र भीत-भीत सुचवतो. थोडक्यात, 'प्राउलर'मध्ये खून पहिल्या प्रतीचे आहेत आणि दोन खुनांमधला वेळ रिकामा आहे. स्लॅशरपटाचा बहुतांश भाग दोन खुनांमधलाच असतो, हे आपण पाहणारे बहुधा विसरतो.

'व्हॅलेंटाइन'ही काही डागाविना नाही. हॉवर्ड नावाचा थट्टेखोर इतका पिळतो की त्याच्यावर टिकाव पडावा, अशी इच्छा चांगल्या घरातल्या माणसाच्याही मनात येते. प्रेमाचा त्रिकोण अधूनमधून रडका होतो. खुनी असा का झाला याचे कारण शेवटी घाईघाईत, एका झलकीत उरकले आहे, आणि पहिल्यांदा पाहताना ते माझ्या लक्षातच आले नव्हते. रंगभूषेतही, परत जोडलेली मिनिटे धरूनसुद्धा, सॅव्हिनींची सर तिला येत नाही. हे सारे असूनही त्यात सांडलेला वेळ नाही. नकोसा हॉवर्डसुद्धा त्या टोळक्याचा भाग वाटतो, कारण प्रत्येक कारखान्यात असा एक जण असतोच.

त्यामुळे ज्याला रंगभूषेची कला अभ्यासायची आहे, किंवा गोष्टीपेक्षा प्रसंगच अधिक आवडतात, त्याने 'प्राउलर' घेतला तर मी त्याला अडवणार नाही. काही जाणकार तोच वरचढ मानतात आणि त्यांचे म्हणणे मला चुकीचेही वाटत नाही. पण संध्याकाळ एकच असेल, सोबत असा कोणी असेल ज्याला हा प्रकार मुळातच फारसा रुचत नाही, तर 'व्हॅलेंटाइन'च लावावा. सौभाग्यवतींनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि श्रेयनामावलीवर येणारे हॅरी वॉर्डनचे गाणेही बसून ऐकले. 'प्राउलर'च्या वेळी त्या तो फोन लागला तेव्हाच झोपायला गेल्या होत्या. आता ती डिस्क कोणी मागितली तर देतो, फक्त सहायकाने फोन फिरवला की चहाचे आधण ठेवून या, एवढे सांगून.