काळा रंग, एबनीचा भाव

पुण्यात हाताने लाकडी पेनं कातणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. ‘एबनी’ म्हणजे महागडं, जड, मुळातच काळं लाकूड; त्या नावाखाली काळं रंगवलेलं साधं लाकूड सध्या खपवलं जातंय. मला ते नगाला 350 रुपयांनी पडलं.

विक्रेता टिंबर मार्केटच्या बाजूचा, ओळखीतून आलेला. चौकोनी तुकडे काळेकुळकुळीत, दोन्ही टोकांना मेण. मेणात संशय घेण्यासारखं काही नाही, चिरा जाऊ नयेत म्हणून चांगल्या लाकडालाही ते लावतात. त्याने ओल्या पांढऱ्या फडक्याने तुकडा खसाखसा पुसला. फडकं स्वच्छ. मग मेण खरवडून टोक दाखवलं, तेही काळं.

खरी गोम इथेच आहे. स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग पाण्याने सुटत नाही. आणि लाकूड टोकाकडून रंग पितं तितका बाजूने पीत नाही, त्यामुळे टोक खरवडलं की काळंच दिसणार.

लेथवर चढवल्यावर बिंग फुटलं. आधी काळा भुसा, मग राखाडी, मग फिकट पिवळा. 20 मिलिमीटरचा तुकडा कातून पेनाची जाडी 10-12 वर येते, म्हणजे रंग चढलेला भाग बहुतेक सगळा भुशात जातो. फर्निचरवर ही लबाडी वर्षानुवर्षं लपली असती.

फोन केला तर साहेब म्हणाले, “अहो, एबनीत पांढरा पट्टा असतोच की! आणि कापलेला माल परत नाही.” पट्टा असतो, खरं आहे. पण तो खोडाच्या बाहेरच्या अंगाचा, एका बाजूला. चारही बाजूंनी काळा आणि मध्ये पिवळा असा एबनी कुठल्या जंगलात उगवतो?

घेण्याआधी तुकडा काट्यावर ठेवा. 20 बाय 20 बाय 130 मिलिमीटर म्हणजे 52 घन सेंटिमीटर. चांगला एबनी पाण्यात बुडण्याइतका जड, त्यामुळे काटा पन्नाशीच्या आसपास जायला हवा. माझे तुकडे 34 ग्रॅमच्या पुढे जाईनात, बहुधा रबरवूड, म्हणजे रबराच्या झाडाचं फिकट लाकूड. मग स्पिरिटचा बोळा फिरवा आणि बाजूच्या मधोमध पटाशीने खोल टवका काढा. विक्रेता टवका काढू देत नसेल तर तिथूनच निघा.

रंगवण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः निळी-हिरवी पेनं करतो, पण कातून, घासून झाल्यावर रंग देतो आणि गिऱ्हाइकाला तसं सांगतो.

बिलावर लाकडाचं नाव लिहून मागा. माझ्या बिलावर नुसतं ‘लाकडी तुकडे’ होतं. व्हॉट्सअॅपवर मात्र त्याने ‘ओरिजिनल एबनी’ लिहिलंय. तेच जोडून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. परवा एका मित्राला याच माणसाने शिसवाचे तुकडे देऊ केले. स्पिरिटचा बोळा लालभडक झाला. पण शिसवाचा स्वतःचा रंगही स्पिरिटमध्ये सुटतो, त्यामुळे तिथे निकाल टवक्यावरच.