उसाला ठिबक की शेततळं? सांगलीच्या दोन टोकांचं हवामान धोरण

वाळवा-पलूस पट्ट्यात कृष्णेचं पाणी, कारखाने, सोसायट्या सगळं आहे. त्यामुळे उसाला ठिबक करायला पैसा उभा राहतो: अनुदान, वर सोसायटीचं कर्ज, वसुली ऊसबिलातून. पाच फुटी सरी, ४० सेंटिमीटरवर ड्रिपर. अडतं दुसरीकडेच. पाणीपट्टी एकरावर आकारली, तर पाणी वाचवून शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं? मग पाट मोकळा सुटतो आणि रान क्षारपड होतं. अशा रानात आधी सच्छिद्र पाइप गाडून निचरा करावा लागतो, ठिबक नंतर. पुराचं वेगळंच. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं. नदीकाठच्या ठिबकच्या नळ्या गाळाने चोंदतात, म्हणून पावसाळ्याआधी त्या गुंडाळून ठेवाव्यात.

दुसरं टोक दुष्काळी: जत-आटपाडीला शेततळं. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, एकास एक उतार: साधारण २२ लाख लिटर. तळाला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. खडे न वेचता अंथरला की तो फाटतोच. खरी चूक मात्र भरण्यात होते. ओढ्याचं पाणी वळवण्याऐवजी बोअर उपसून तळं भरलं, तर भूगर्भातलं पाणी उन्हात वाळवण्यासारखंच ते. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं आवर्तन (पाण्याची पाळी) मिळालं तर उत्तम, पण तिथे वीजबिलाचा १९ टक्के वाटा लाभधारकांचा, ८१ शासनाचा. कोरडवाहू माणसाला, ज्याच्या घरातले गलाईला (सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला) किंवा ऊसतोडीला बाहेर आहेत, तेवढाही जड जातो.

म्हणून अनुदानाची टक्केवारी दोन्हीकडे सारखी ठेवणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. जतला ती वाढवावी, वाळव्याला पाणी मोजून पट्टी लावावी.